फ्रिजवरचा डोळा

थोरलीला धाकटीचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून मोकळं झालेलं बरं, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की ही बाई अशी का वागली. आणि हेवा म्हणजे असातसा नाही. वर्षानुवर्षं मुरलेला, रोज थोडा थोडा वाढवलेला, अगदी निगुतीने सांभाळलेला हेवा.

दोघी सख्ख्या जावा. दोन भाऊ, एकच घर, मधे जिना. खाली थोरली आणि तिचा नवरा, वर धाकटी आणि तिचा. थोरली खाली का, तर पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. नवे कपडे ती शिवत नसे, लोकांचे असतील ते नीट करून द्यायची. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, उसवलेलं, फाटलेलं, कुणी रागात ओढून तोडलेलं. जीभ तिखट, पण हात असा की टाका शोधायला कपडा उलटा करावा लागायचा. गिऱ्हाईक तिला घाबरायचं आणि तरी तिच्याकडेच यायचं.

धाकटी बालवाडीत बाई होती. निवृत्त झाली तरी मिशा फुटलेले, बाप झालेले विद्यार्थी रस्त्यात थांबून "बाई, ओळखलंत का?" विचारायचे, आणि ती बरोब्बर ओळखायची. थोरलीला हेच सहन व्हायचं नाही. सकाळचं ऊन पहिलं धाकटीच्या खिडकीत. कुंड्या दोघींच्या, पण फुलं धाकटीच्या. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं थोरलीने केलं, अगदी सगळं, नाक न मुरडता. आणि सासूबाई डोळे उघडून काय विचारायच्या, तर "धाकटी आली का शाळेतून?" थोरलीने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवसांत ती चादरी जरा जास्तच जोरात पिळायची.

बरं, धाकटीने तरी काही वाकडं करावं. भांडावं, एखादा टोमणा मारावा, म्हणजे थोरलीला निदान हक्काने रागावता आलं असतं. पण ती बया नुसती हसायची. "तुम्ही म्हणाल तसं, ताई." या एका वाक्याने थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग ती दुसरीकडे कसर भरून काढायची. दारातून आधी ती जाणार, टॅक्सीत पुढच्या सीटवर ती बसणार, दुकानात आधी तिचं वजन होणार. या घरात मी आधी आले, एवढं एकच कारण होतं तिच्याकडे, पण ते तिने घासून घासून वापरलं. धाकटी आपली एक पाऊल मागे.

एका सकाळी थोरलीची फूटपट्टी वाकली. म्हणजे ती पँटच्या पायावर खडूची रेघ मारायला गेली आणि रेघ मधेच खाली झोल खाऊन पुन्हा वर आली. पट्टी पाहिली तर तीही तशीच. तिने नवऱ्याला हाक मारली आणि ही कुठली भिकार पट्टी उचलून आणलीत म्हणून झाडलं. नवऱ्याने पट्टी टेबलावर आडवी ठेवून पाहिली आणि म्हणाला, "अगं, सरळ आहे." तिने उजवा डोळा झाकला, पट्टी सरळ झाली. डावा झाकला, पुन्हा वाकली. मग ती नवऱ्याला नुसतं "बरं" म्हणाली, आणि तिचा नवरा त्यानेच जास्त घाबरला.

डोळ्यांचे डॉक्टर हळू आवाजात बोलणारे होते. त्यांनी कागदावर चेंडूसारखा डोळा काढला आणि मागच्या बाजूला पेन टेकवलं. "इथे पडदा असतो. त्याच्या मागून नको तिथे रक्तवाहिन्या उगवल्या आहेत. कच्च्या असतात त्या. त्यातून पाणी झिरपतं, कधी रक्त. पडदा फुगतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. तशाच वाढू दिल्या तर बरोबर मधलं दिसणं जातं." उपाय काय, तर डोळ्यात इंजेक्शन. एक नाही, दर महिन्याला. त्याने त्या वाहिन्या आक्रसतात. आक्रसल्या की नाही ते फोटो काढून बघायचं, आणि त्यावर ठरवायचं, इंजेक्शन चालू ठेवायचं की थांबवायचं.

आता खरं सांगायचं तर थोरलीला या दुखण्याने थोडं बरंच वाटलं. भीती वाटली, वाटणारच, सुईवर पोट असलेली बाई ती. पण नवरा भांडी घासायला लागला. दीर जिना उतरून "वहिनी, कसं आहे?" विचारायला लागले. गिऱ्हाइकं हळू बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या घराचं तोंड तिच्याकडे वळलं होतं, आणि ती खुर्चीत बसून "काय असायचं, चाललंय" असं म्हणत ते सुख चाखत होती.

ते सुख महिनाभर टिकलं. पुढच्या खेपेला धाकटी सोबत आली होती. डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर तुमचेही डोळे बघून टाकू. बघितले. धाकटीच्या उजव्या डोळ्यातही तेच निघालं, तशीच नको तिथे उगवलेली जाळी. आणि तिचा डावा डोळा लहानपणापासूनच मंद, जेमतेम उजेड-अंधार कळण्यापुरता. म्हणजे धाकटीचं जे काही दिसणं होतं ते एका उजव्या डोळ्यावर. तो गेला तर सगळंच गेलं.

घराची सगळी काळजी त्या दिवशी जिना चढून वर गेली. थोरलीचा स्वतःचा नवरासुद्धा म्हणाला, "बिचारी. तिला तर एकच डोळा आहे गं." आजारसुद्धा माझा एकटीचा राहू दिला नाही हिने, असं थोरलीच्या मनात आलं. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं. पण कळतं म्हणून जळायचं थांबतं का?

मग दोघींच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्या दवाखान्यात एक लांब बोळ होता, जमिनीला ठोकून बसवलेली बाकं, आणि बाकांवर डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसलेली माणसं. सुरुवातीला दोघींचे फोटो जुन्या पद्धतीने निघाले होते. हाताच्या शिरेतून पिवळं औषध सोडायचं, ते डोळ्यापर्यंत पोचलं की पटापट फोटो. थोरलीला मळमळलं, धाकटीला उलटीच झाली, तर तिथेही धाकटीच वरचढ. नर्सने तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोरलीला नुसता पाण्याचा एक कागदी पेला मिळाला.

अक्षरं वाचायच्या तक्त्यापाशी मात्र थोरलीने आपली सोय करून घेतली होती. धाकटी आत वाचत असताना ती दाराशी उभी राहून ऐकायची आणि ओळीच्या ओळी पाठ करायची. मग आपल्या वेळेला धाकटीहून एक ओळ, तीही अंदाजाने, जास्त म्हणून दाखवायची. डोळ्याच्या तपासणीत फसवून कोणाचं भलं होणार होतं, देव जाणे. पण धाकटीपेक्षा एक ओळ जास्त म्हणजे जास्त.

इंजेक्शनांचा पहिला फेरा संपला आणि फोटो काढायचा दिवस आला. दवाखान्यात नवीन मशीन आलं होतं. औषध नाही, सुई नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या फुलीकडे बघायचं, पापणी हलवायची नाही. मशीन म्हणे वाहतं रक्त तेवढं टिपतं, त्यामुळे काळ्यावर पांढऱ्या धाग्यांसारखी एकेक वाहिनी उमटते. मशीन चालवणारी मुलगी नवीन होती, बोळात गर्दी उसळली होती, आणि ती दारातून नुसती आडनावं पुकारत होती.

पहिला नंबर धाकटीचा होता. तशी दोघींच्या हातात चिठ्ठी होती. पण धाकटीला बाकावर एक जुना विद्यार्थी भेटला होता, स्वतःच्या आईला घेऊन आलेला, आणि ती त्याच्याशी हसून बोलत होती. आत जायचंय हेसुद्धा तिच्या लक्षात नाही, इतकं कौतुक चाललेलं. आडनाव पुकारलं गेलं. थोरली उठली. आडनाव तर तिचंही तेच. हिच्या नंबरासाठी मी का बसून राहू, मी मोठी आहे, असं मनाशी म्हणत ती आत गेली. मुलीने आडनाव म्हटलं, थोरलीने मान हलवली. "उजवा डोळा ना?" "उजवाच." झालं. ती बाहेर आली, मग धाकटी आत गेली, आणि त्या मुलीने पुढच्या फाइलवर पुढचा फोटो काढला.

डॉक्टरांनी दोघींना एकदमच आत बोलावलं. धाकटीचं नाव असलेला फोटो पडद्यावर आला आणि त्यांचा चेहरा खुलला. "छान. अगदी कोरडं. ते जाळं बघा किती आक्रसलंय. आता इंजेक्शन थांबवू. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

"मला अक्षरं तितकीशी..." धाकटी म्हणाली.

"ती मागून येतील. चित्र छान आहे ना."

मग थोरलीचं नाव असलेला फोटो. डॉक्टर जरा वेळ बघत राहिले. "तुमचं जाळं मात्र तसंच आहे. उलट थोडं पसरलंय. गंमत आहे, अक्षरं तर तुम्ही चांगली वाचता." थोरलीने नजर दुसरीकडे वळवली, कारण अक्षरं चांगली का येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. "तुमची इंजेक्शनं चालू ठेवायला लागतील."

परतताना टॅक्सीत थोरली पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत राहिली. मागे धाकटीच्या मांडीवर फोटोची छापील प्रत होती. तिनेच मागून घेतली होती. हिचा डोळासुद्धा शहाणा, थोरलीला वाटलं. बाळबोध बाईचा आज्ञाधारक डोळा. सुई दिली की लगेच ऐकतो. आणि माझा बघा, माझ्यासारखाच नाठाळ.

तो फोटो धाकटीने फ्रिजच्या दारावर लावला, चुंबकाने, बरोबर मधोमध. डोळ्याचा फोटो फ्रिजवर कोण लावतं? दीर वर येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचे. "बघा, हे हिचं. बरं झालंय." थोरली खाली बसून कापडावरचे धागे दातांनी तोडत हे ऐकायची. पण खाली तिला बसवेना. काही ना काही निमित्त काढून ती वर जायची. साखर संपली, किल्ली कुठे दिसली का, पाणी तुमच्याकडेही गेलंय का. आणि धाकटी चहा टाकेपर्यंत फ्रिजसमोर उभी राहून त्या फोटोकडे टक लावून बघायची. मधे एक काळी गोल जागा, तिच्याभोवती पांढऱ्या धाग्यांची झालर. डाव्या अंगाला दोन वाहिन्या अशा काही फुटल्या होत्या की एक दात मोडलेला जेवायचा काटा दिसावा. थोरलीला तो काटा, त्याचा मोडका दात, खालचं पीळ पडलेलं टोक, सगळं तोंडपाठ झालं. अंधारात डोळे मिटले तरी दिसायचं. एकदा जिना उतरताना तिच्या मनात स्पष्ट आलं, फुटो तो डोळा. ती पायरीवर थांबली. आपल्याला असं वाटलं याची लाज वाटली, कठड्याला धरून ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग उतरली आणि कामाला लागली.

इंजेक्शनाला ती एकटी जायची. डोळा सुन्न करायचे, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवायचे, आणि मग वर बघा म्हणायचे. वर बघताना प्रत्येक वेळी तिला वाटायचं, धाकटी आत्ता खिडकीत चहा पीत असेल. घरी आली की धाकटीच वाडग्यात सूप घेऊन खाली यायची, तिच्या डोळ्यात थेंब घालायची. ते थेंब पुष्कळदा गालावर पडायचे. सूप जिन्यात सांडायचं, कधी दुप्पट खारट असायचं. आता बरी झाली तर किती बेफिकीर झाली बघा, थोरली म्हणायची. म्हणजे मनात म्हणायची, आणि तेवढंच जरा बरं वाटायचं तिला.

एव्हाना तिची स्वतःची खडूची रेघ सरळ यायला लागली होती. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा. पण डॉक्टर वाईट म्हणालेत म्हणजे वाईटच, हा चांगला डावा डोळाच सगळं ओढून नेतोय, असं तिने ठरवून टाकलं होतं. दुखण्याने मिळालेली सहानुभूतीही तिला लगेच सोडवत नव्हती, ते एक निराळंच.

काही इंजेक्शनं झाल्यावर तिचा पुन्हा फोटो काढायचं ठरलं. या वेळी ती एकटीच होती. मशीनवाल्या मुलीने हनुवटी टेकवायला सांगितली, फोटो काढला, पुन्हा काढला. "आजी, डोळा हलतोय बहुतेक. मागच्या फोटोशी मशीन जुळवून घेत नाहीये."

"मी दगडासारखी बसलेय," थोरली म्हणाली.

शेवटी मुलीने न जुळवताच फोटो आत पाठवला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, मागचा आणि आजचा, आणि खुर्ची पुढे ओढली. "वा. केवढा फरक पडलाय. सगळं आक्रसलं. चिकाटी ठेवलीत, त्याचं फळ मिळालं."

थोरलीने आजच्या फोटोकडे बघितलं. मधली काळी जागा, भोवतीची झालर. आणि डाव्या अंगाला एक दात मोडलेला काटा, खाली पीळ पडलेलं टोक.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "हा तिचा. तिच्या फ्रिजवर लावलाय."

"नाही, नाही. आत्ताच काढलाय ना तुमचा."

"मी रोज बघते तो. हा काटा बघा. हा तुटका दात. तिच्या फ्रिजवरचा आहे हा." आणि हे बोलता बोलताच तिच्या डोक्यात उजेड पडला. फ्रिजवरचाच माझा होता. त्या दिवशी मी आधी गेले. तिच्या नंबरावर मी गेले. तिच्या छातीत असा आनंद उसळला म्हणून सांगू, लग्नात उसळला नसेल. ज्या डोळ्याचं एवढं कौतुक झालं, ज्याला चुंबकाने मधोमध लावला, जो दिरांनी आल्यागेल्याला दाखवला, तो तिचा होता. शहाणा डोळा तिचा होता.

"तो माझा होता," ती मोठ्याने म्हणाली. "तेव्हासुद्धा चांगला डोळा माझाच होता, डॉक्टर. त्या दिवशी तिच्या आधी मी आत गेले होते. तिच्या नावावर माझा फोटो लागला."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी जुने, पिवळ्या औषधाचे फोटो काढले, दोघींचेही, आणि एकेक वाहिनी बोटाने जुळवत गेले. मग मागच्या फोटोवर बोट ठेवलं, ज्यावर थोरलीचं नाव होतं आणि जाळं पसरलेलं होतं.

"म्हणजे हा त्यांचा," ते म्हणाले. "आणि त्यांची इंजेक्शनं आपण थांबवली." त्यांनी कपाळ चोळलं. "चूक आमची आहे. आम्ही पूर्ण नाव विचारायला हवं होतं, आणि मीही जुन्या फोटोंशी नीट ताडून बघायला हवं होतं. त्यांना घेऊन या. आज, आत्ता. फोन करू नका, जाऊन घेऊन या."

थोरली टॅक्सीत बसली. पुढची सीट रिकामी होती, पण ती मागे बसली, तिचं लक्षच नव्हतं. आनंद पहिल्या वळणापर्यंतही पुरला नाही. तिला तो चिमटा आठवला, वर बघा म्हणणारी नर्स आठवली. जी सुई धाकटीच्या डोळ्यात जायला हवी होती, ती आपण आपल्या डोळ्यात टोचून घेत होतो. धाकटीचं जे जे म्हणून होतं ते तुला हवं होतं ना, हे घे, असंच कुणीतरी म्हणाल्यासारखं झालं.

धाकटी स्वयंपाकघरात फ्रिजसमोरच उभी होती, फोटोला नाक लावून.

"चप्पल घाल," थोरली म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"का? तुमचा फोटो खराब आला का?"

"तुला दिसतंय ना नीट?"

धाकटी म्हणाली, "मधे करडं दिसतं हो, ताई. बरेच दिवस झाले. कडेकडेने दिसतं, पण मधे कुणीतरी अंगठा ठेवल्यासारखं. तुमचं तोंड दिसत नाही मला. आवाजावरून कळतं."

"आणि सांगितलं का नाहीस?" थोरलीचा आवाज चढला.

"कसं सांगणार? तुमचा डोळा ऐकत नाही, तुम्ही दर महिन्याला सुया सोसताय. आणि मी चांगला फोटो घेऊन कुरकुर करायची? बरं दिसलं असतं का ते?" तिने फ्रिजच्या दारावरून हात फिरवला, फोटोच्या कडेपर्यंत. "जास्तच करडं वाटलं की मी इथे येऊन उभी राहते. मला काही दिसत नाही यात. पण यात चांगलं आहे म्हणजे चांगलंच असणार, असं मनाला समजावते. म्हणून तर लावलाय इथे."

थोरलीने तिला चप्पल शोधून दिली. खाली बसून पायात घालूनही दिली. धाकटीला ते इतकं विचित्र वाटलं की ती "अहो ताई, हे काय" म्हणत पाय मागे घ्यायला लागली. थोरलीने पाय घट्ट धरून ठेवला. जिना उतरताना तिने झालेलं सांगितलं, फोटो बदलले होते एवढंच. कसे बदलले ते तिने सांगितलं नाही.

दवाखान्यात या वेळी मुलीने पूर्ण नाव विचारलं, दोनदा. डॉक्टरांनी धाकटीचा फोटो बराच वेळ बघितला. जाळं मधल्या जागेखाली शिरलं होतं आणि तिथे थोडं रक्त साकळलं होतं. आजच इंजेक्शन द्यायचं, पुढेही देत राहायचं. पाणी सुकेल, वाढ थांबेल. पण मधला काही भाग कायमचा गेला होता, आणि किती गेला ते रक्त ओसरल्यावरच कळणार होतं. डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त केली. धाकटी म्हणाली, "होतं हो असं. गर्दी किती होती त्या दिवशी." मग म्हणाली, "ताईंनी ओळखलं म्हणून बरं. नाहीतर मी आणखी किती महिने फ्रिज बघत बसले असते."

डॉक्टरांनीही मान डोलावली. "खरंय. यांच्यामुळेच कळलं."

थोरलीला वाटलं आता जमीन दुभंगावी. पूर्वी तिला कुणी असं म्हटलं असतं, तेही धाकटीच्या देखत, तर ती आठवडाभर त्यावर जगली असती.

बोळात दोघी बाकावर बसल्या. धाकटीच्या डोळ्यात थेंब घातले होते, तिने डोळे मिटले होते. थोरली म्हणाली, "त्या दिवशी तुझा नंबर होता. मी मुद्दाम आधी गेले."

"मला माहितेय," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "मी पाहिलं तुम्हाला उठताना. म्हटलं, जाऊ दे, तुम्हाला आधी गेलं की बरं वाटतं." थोडं थांबून ती हसली. "त्यात एवढं काही होईल असं कुणाला वाटणार होतं? माझ्या वाट्याच्या सुया तुम्हीच खाल्ल्यात की. दुखतं का हो फार?"

आयुष्यभर जिचा हेवा केला तिने सगळं पाहिलं होतं, प्रत्येक वेळी पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी एक पाऊल मागे सरकून जागा करून दिली होती. थोरलीला त्या क्षणी तिचा पूर्वीपेक्षाही जास्त हेवा वाटला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

"नाही," ती म्हणाली. "डोळा सुन्न करतात. वर बघ म्हणतील, तेवढं वर बघ."

दारातून नर्सने धाकटीचं पूर्ण नाव पुकारलं. धाकटी उठली. थोरली सोबत निघाली तर नर्स म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा, आजी." मग ती बाकाशीच उभी राहिली. बोळाच्या त्या टोकाला दाराची पितळी मूठ होती, तिच्यावरचा ओरखडासुद्धा थोरलीला इथून स्पष्ट दिसत होता. धाकटीने मुठीकडे हात नेला. तो मुठीच्या बाजूला भिंतीवर टेकला. तिने हात काढला, पुन्हा नेला, पुन्हा भिंतीवर.